सावधान

मागच्या वैशाखात शेजारच्या गावी एका लग्नाला गेलो होतो. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या मुलीचे लग्न. सोबत पुण्याहून सुट्टीला आलेला नातू होता, इयत्ता चौथीतला. अंतरपाट धरला गेला, अक्षता वाटून झाल्या, आणि भटजींनी माईकवर पहिले मंगलाष्टक संपवून खड्या आवाजात 'सावधान' म्हटले. कर्ण्यातून तो शब्द असा काही आला की माडावरचे कावळे उडाले!

नातवाने माझा सदरा ओढला. "आजोबा, सावधान म्हणजे डेंजर ना?"

"का रे?"

"हायवेवर पाटी होती ना, सावधान, पुढे वळण आहे. मग इथे कसला डेंजर आहे?"

मागच्या खुर्चीवरचे एक गृहस्थ लगेच म्हणाले, "बाळा, लग्न झाल्यावर समजेल तुला." आजूबाजूची मंडळी हसली. हा विनोद प्रत्येक लग्नात कोणीतरी करतोच आणि प्रत्येक वेळी लोक हसतातही. पण नातू काही हसला नाही. त्याला उत्तर हवे होते. "घरी गेल्यावर सांगतो," म्हटले, आणि घरी गेल्यावर तो क्रिकेट खेळायला गेला. म्हणून आता तुम्हाला सांगतो आहे. तुम्ही कुठे जाणार!

आधी शब्द सोडवून घेऊ. स + अवधान = सावधान. सहित या अर्थाचा 'स', जसा सकुटुंब, सप्रेम, सविनय यांत आहे तसा. म्हणजे अवधानासह असलेला तो सावधान. आता अवधान म्हणजे काय? 'धा' हा संस्कृत धातू, अर्थ ठेवणे. त्याच्यामागे 'अव' हा उपसर्ग लागला. अव म्हणजे खाली. मन इकडेतिकडे उडत असते, ते एका जागी खाली ठेवणे म्हणजे अवधान. माशी गुळावर बसते तसे म्हणा हवे तर.

या 'धा'चे कुटुंब फार मोठे आहे. विधान, निधान, परिधान, संधान, अनुसंधान, व्यवधान, समाधान ही सगळी त्याचीच मुले. श्रद्धासुद्धा त्याच घरातली. वर्गात मी ही यादी फळ्यावर लिहीत असे आणि मुलांना प्रत्येक शब्दात काय ठेवले आहे आणि कुठे ठेवले आहे ते शोधायला सांगत असे. मुलांना हा खेळ आवडे. यातला 'निधान' आपल्याकडे ठेवा झाला, आणि कर्नाटकात गेला तो 'हळू' होऊन बसला. माझी सून बेळगावची. त्या बाजूच्या रस्त्यांवर कानडी पाट्यांत 'निधान' दिसते, त्याचा अर्थ सावकाश चालवा. पहिल्यांदा तिने वाचून दाखवले तेव्हा मला वाटले, रस्त्यात कुठेतरी पुरलेले धन आहे की काय!

असो. सांगायचा मुद्दा असा की सावधान या शब्दात धोका कुठेही नाही. साप नाही, वळण नाही, विजेची तार नाही. शब्द आहे तो ऐकणाऱ्याच्या मनाविषयी, बाहेरच्या संकटाविषयी नाही. ज्ञानेश्वरांनी नवव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच श्रोत्यांकडे अवधान मागितले आहे. तिथे काही कोणावर संकट आलेले नव्हते. पुराणिकबुवाही पोथी उघडताना श्रोत्यांना सावधान व्हायला सांगत. म्हणजे गप्पा थांबवा, पोराला मांडीवर घ्या, आणि इकडे लक्ष द्या.

मग लग्नात कोणाचे लक्ष कुठे हवे होते? नातवाच्या प्रश्नाचे खरे उत्तर इथे आहे, आणि ते पाण्याच्या भांड्यात आहे.

आज प्रत्येकाच्या मनगटावर आणि खिशात घड्याळ आहे. ते नव्हते तेव्हा मुहूर्त कसा साधत? तर घटिकापात्राने. तांब्याची एक पातळ वाटी, तिच्या बुडाला सुईने पाडल्यासारखे बारीक भोक. ही वाटी पाण्याने भरलेल्या घंगाळात तरंगत सोडायची. भोकातून पाणी हळूहळू आत येते, वाटी जड होत जाते आणि भरली की बुडते. ती बुडली की एक घटका झाली. घटका म्हणजे आपली २४ मिनिटे. अशा ६० घटकांचा एक दिवस-रात्र, आणि एका घटकेची ६० पळे. सूर्योदयाला वाटी पाण्यात सोडायची, बुडली की काढून पुन्हा सोडायची आणि प्रत्येक वेळी एक खूण करून ठेवायची. लग्नाचा मुहूर्त सूर्योदयापासून इतक्या घटका आणि इतकी पळे असा काढलेला असे. कार्याच्या आधी या घटिकेची स्थापना होई, हळदकुंकू वाहून पूजा होई. आमच्या आजोबांनी असे पात्र वापरात असलेले पाहिले होते. ते सांगत, घंगाळाजवळ बसणाऱ्या माणसाला त्या दिवशी यजमानापेक्षा जास्त मान. त्याने डुलकी काढली तर मुहूर्त गेला! आणि रात्रीच्या मुहूर्ताला डुलकी लागायला असा किती वेळ लागतो?

आता डोळ्यांसमोर आणा. मांडव माणसांनी भरलेला आहे. वधूवरांच्या मध्ये अंतरपाट आहे. घंगाळातली वाटी भरत आली आहे, पण अजून बुडालेली नाही. हा मधला वेळ मंगलाष्टकांनी भरायचा. वाटी भरते आहे, मंडळी, गप्पा आवरा, वाजंत्रीवाल्यांनो तयार राहा, मामांनो मुलीला धरा, क्षण जवळ आला. सावधान! शब्द सगळ्या मांडवाला उद्देशून आहे आणि त्याचा अर्थ एवढाच, की तो क्षण निसटू देऊ नका. वाटी बुडाली की अंतरपाट दूर, ताशे सुरू, आणि अक्षतांचा पाऊस.

पुढे घड्याळे आली, घंगाळ माळ्यावर गेले, वाट्या मोडीत गेल्या. पण भाषेत घटका राहिली. आपण 'घटकाभर बसा' म्हणतो, कोणाची 'घटका भरली' म्हणतो, आजारी माणूस 'शेवटच्या घटका मोजतो' म्हणतो. हे सगळे त्या भोकाच्या वाटीतून आलेले आहे. आणि लग्नात सावधान राहिले. पाणी नाही, पात्र नाही, पण हाक आहे. हल्ली तर मुहूर्त टळून पाऊण तास झालेला असतो, नवरदेव बाहेर नाचत असतो, आणि तरीही भटजी 'सावधान' म्हणतात. कोणाला, ते त्यांनाच ठाऊक.

या शब्दाची सर्वात प्रसिद्ध गोष्ट अर्थातच समर्थांची. सन १६०८ चा जन्म, गाव जांब, हल्लीच्या जालना जिल्ह्यातले. बारा वर्षांचा नारायण बोहल्यावर उभा आहे, सावधान हा शब्द कानी पडतो, आणि तो मांडवातून पळून जातो. पुढे टाकळीला बारा वर्षे तपश्चर्या वगैरे तुम्हाला माहीत आहेच. ही हकिकत बखरीतून आपल्यापर्यंत आली आहे. मला तिच्यातली एक गंमत शाळेत शिकवता शिकवता लक्षात आली. मांडवात त्या दिवशी शेकडो माणसे असतील. शब्द सगळ्यांच्या कानांवर पडला. पण सगळ्यांनी तो लग्नातला एक आवाज म्हणून ऐकला, सनईसारखा. एका पोराने मात्र त्याचा अर्थ ऐकला. म्हणजे १६२० च्या सुमाराससुद्धा हा शब्द इतका गुळगुळीत झालेला होता की त्याचा अर्थ कोणी मनावर घेतला, हीच एक सांगण्यासारखी गोष्ट झाली. पुढे दासबोधात अकराव्या दशकाच्या पाचव्या समासात समर्थांनी महंताची कामे क्रमाने सांगितली आहेत. पहिले हरिकथा-निरूपण, दुसरे राजकारण, आणि तिसऱ्या क्रमांकावर सर्व बाबतींत सावधपण. लग्नातून पळालेल्या माणसाने तो शब्द जन्मभर सोडला नाही असे दिसते.

आता माझ्या स्वतःच्या सावधानाविषयी. हे लिहू की नको, असा बरेच दिवस विचार करत होतो. घरच्यांना माहीत आहे, तुमच्यापैकी बहुतेकांना नाही.

मी मराठी-इतिहास शिकवायचो, पण लहान शाळेत मास्तर कमी आणि विषय जास्त, त्यामुळे नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत कवायतही माझ्याकडेच होती. माझ्या लहानपणी काही मास्तर अजून 'अटेन्शन' आणि 'स्टँडॅटीज' असे इंग्रजी हुकूम देत. आम्हाला ते 'टेनशन' आणि 'ठणाठीस' असे ऐकू येत. मी मास्तर झालो तोवर सगळीकडे 'सावधान' आणि 'विश्राम' झाले होते. भाषांतर म्हणून ते अगदी चोख आहे. अटेन्शन हा शब्द मुळात लॅटिन, कशाकडे तरी ताणून धरणे असा त्याचा अर्थ. लॅटिन माणसाने मन ताणले, आपण ते खाली ठेवले, काम एकच. (वर्गातला 'मॉनिटर'सुद्धा लॅटिनच बरे का. मूळ अर्थ सावध करणारा, आठवण देणारा. आमच्या वर्गातला मॉनिटर मास्तर येताना दिसले की सगळ्यांना सावध करायचा, म्हणजे तो शब्दाला जागत होता असे म्हणायला हवे.)

तर कवायत. विश्राम म्हणजे डावा पाय फूटभर बाजूला, हात मागे. सावधान म्हटले की डावा पाय उचलून उजव्याला आपटून जोडायचा, हात सरळ खाली, मान ताठ, नजर समोर, आणि हलायचे नाही. "नाकावर माशी बसली तरी हलायचे नाही," असे मी रोज सांगत असे. माझ्या वर्गाचा पाय एका आवाजात पडे. मला त्याचा फार अभिमान होता. तपासणीला येणारे साहेबसुद्धा कौतुक करत.

सन १९७८. शाळा सुरू होऊन आठवडा झाला असेल. तेव्हा आपला सिंधुदुर्ग जिल्हा व्हायचा होता, आपण रत्नागिरीतच होतो. पाऊस एकदोनदा येऊन गेला होता आणि त्या दिवशी सकाळी चांगले ऊन पडले होते. प्रार्थना झाली, मुले विश्राममध्ये उभी होती. मैदानाच्या कडेला चिऱ्यांचा जुना गडगा होता. मुलांची त्याच्याकडे पाठ, माझे तोंड. आणि मला दिसले की गडग्यातून काहीतरी निघून शेवटच्या रांगेच्या दिशेने येते आहे. फुरसे.

कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. फुरसे म्हणजे हात-दीड हात लांबीचा, मातकट रंगाचा, दिसायला अगदी किरकोळ साप. पण नाग, मण्यार, घोणस यांच्या पंक्तीला बसणारा. तो डिवचला गेला की अंगाची वेटोळी करून खवले खवल्यांवर घासतो आणि करवत चालावी तसा आवाज काढतो. हा त्याचा इशारा. त्याच्या विषाने रक्त गोठेनासे होते.

माझ्या तोंडून शब्द निघाला, "सावधान!"

मला म्हणायचे होते, जपा, बघा, सरका. मी ओरडलोही त्याच अर्थाने, जीव घाबरा होऊन. पण त्या मुलांना मी तीन वर्षे शिकवले होते की या शब्दाचा अर्थ काय. चाळीस डावे पाय एकदम उचलले गेले आणि चाळीस पाय एका आवाजात आपटले. माना ताठ, नजरा समोर. कोणी खाली पाहिले नाही. शेवटच्या रांगेतल्या एका मुलाचा अनवाणी पाय फुरशाच्या शेजारी पडला. तो किंचाळला, पण हलला नाही! दोन-तीन क्षण तो तसाच उभा होता. हे मला अजून दिसते.

"पळा रे पोरांनू! फुरसा असा थंय!" ही आमच्या शाळेच्या शिपायाची हाक. त्याबरोबर सगळी मुले चारी दिशांना पांगली. शिपाई चौथी नापास होता. मी बी. ए.

पुढचे थोडक्यात सांगतो. पंचाच्या पट्टीने पाय करकचून बांधला. (आता डॉक्टर सांगतात की असे आवळून बांधू नये, पाय न हलवता शांतपणे न्यावे. तेव्हा आम्हाला तेच माहीत होते.) चिरे वाहणारा एक ट्रक रस्त्यावर मिळाला, त्यातून कुडाळ गाठले. सर्पदंशाची लस तिथे होती. ही लस घोड्याच्या रक्तापासून करतात आणि वर सांगितलेल्या चारही सापांवर एकच चालते. तेव्हा मुंबईच्या हाफकिनमध्ये ती होत असे. डॉक्टरांनी मुलाचे थोडे रक्त काचेच्या नळीत घेतले आणि ते गोठते का हे पाहण्यासाठी नळी उभी करून ठेवली. त्याच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले होते. मी त्या नळीकडे पाहत बसलो होतो. आजोबांचे घटिकापात्र तेव्हा आठवले की पुढे कधीतरी, हे आता नक्की सांगता येत नाही. बऱ्याच वर्षांनी आठवण काढताना दोन गोष्टी एकमेकींत मिसळतात.

दुपारी त्याची आई आली. चालत आली होती, अर्ध्या वाटेत कोणाची तरी बैलगाडी मिळाली म्हणाली. ती दारात थांबली आणि मला एकच प्रश्न विचारला.

"मास्तर, माझो झील सावध आसा मां?"

मालवणी न येणाऱ्यांसाठी, 'माझा मुलगा शुद्धीवर आहे ना?' आपल्या जुन्या मराठीत सावध याचा हाही अर्थ आहे. बेशुद्ध पडलेला माणूस 'सावध झाला' असे आपण आजही म्हणतो. मला तिच्या प्रश्नाचे उत्तर चटकन देता आले नाही. सावध होता, असे मग सांगितले. तो खाटेवर पडल्या पडल्या छताच्या पंख्याकडे बघत होता. त्या बाईने मला कधी दोष दिला नाही. तिला झाला प्रकार कोणी पूर्ण सांगितला होता की नाही तेही मी कधी विचारले नाही. ते धैर्य झाले नाही म्हणा. मुलगा वाचला. पायाची जखम भरायला मात्र तीन महिने लागले आणि घोट्याजवळ खड्डा राहिला.

मी त्यानंतर कवायत सोडून दिली. मुख्याध्यापकांना दुसरेच काही कारण सांगितले. मग रिकाम्या तासांना शब्दकोश घेऊन बसायची सवय लागली, ती अजून आहे. लोक विचारतात तुम्हाला शब्दांचा नाद कसा लागला. तो असा लागला.

मोल्सवर्थसाहेबाच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची. त्यात सावध, सावधान हे शब्द पाहिले तर लक्ष देणारा, जागरूक असेच अर्थ. मग मी आपले धाक देण्याचे इतर शब्दही पाहू लागलो, आणि गंमत वाटू लागली. बहुतेक अरबी-फारशीतून आलेले, आणि त्यांच्यातही मुळात धाक नाही! 'खबरदार' घ्या. खबर अरबी, दार फारशी. सुभेदार, किल्लेदार, जमीनदार यांच्यातला हा दार, म्हणजे बाळगणारा. ज्याच्याजवळ खबर आहे तो खबरदार, माहीतगार माणूस. आपण त्याला दटावणी करून टाकले. पण खबरदारी घेणे यात त्याचा मूळ स्वभाव टिकला आहे. 'हुशार' म्हणजे होश असलेला, भानावर असलेला. पहारेकऱ्याला रात्री हुशार राहावे लागे. आम्ही मास्तरांनी त्याला प्रगतिपुस्तकात नेऊन बसवले आणि तो गणितात शंभरपैकी शंभर मिळवू लागला. उलट टोकाला 'गाफील', तोही अरबीच. आणि 'बेसावध' तर पाहण्यासारखा. 'बे' फारशी, 'सावध' संस्कृत. त्या दोघांचे लग्न कोणी लावले माहीत नाही, पण संसार चांगला चालला आहे. भाषा शुद्ध करू पाहणाऱ्यांनी या जोडप्याला कसे वेगळे करावे?

'ताकीद' आणि 'इशारा' हे दोन शब्द मला कोशापेक्षा एका विद्यार्थ्याने जास्त चांगले शिकवले. तो अठरा वर्षे मस्कतला नोकरीला होता. एकदा सुट्टीवर आला असताना म्हणाला, "मास्तर, तिकडे सिग्नलला इशारा म्हणतात." मी कोश काढला. अरबीत इशारा म्हणजे खूण, बोट दाखवणे. हिंदीतही नजरेचा इशारा असतो, त्यात प्रेम असते. मराठीत मात्र इशारा म्हटले की मोर्चा, आंदोलन, नाहीतर वादळ! आणि ताकीद? अरबीत 'ताकीद' म्हणजे पक्के करणे, ठासून सांगणे. तिकडे माणसे दर दोन वाक्यांमागे 'अकीद, अकीद' म्हणतात म्हणे, म्हणजे नक्की, नक्की. तो याच घरातला. आपल्याकडे सरकारी दप्तरांत ताकीदपत्रे आली ती हुकूम ठासून सांगण्यासाठी. आता 'सक्त ताकीद' म्हणजे पुढच्या वेळी शिक्षा.

किनाऱ्यावर राहणाऱ्याला यात आणखी एक शब्द घालावा लागेल, बावटा. वादळाची खबर देण्यासाठी बंदरावर खुणा लावण्याची पद्धत आपल्या देशात १८६५ साली कलकत्ता बंदरात सुरू झाली. दिवसा खांबावर शंकू आणि नळकांडी टांगतात, रात्री लाल-पांढरे दिवे. एक ते अकरा असे क्रमांक. यात फडके कुठेही नाही, पण आपण म्हणतो 'तीन नंबरचा बावटा लागला'. माझा एक मावसभाऊ मालवणात मासेमारी करायचा. तो म्हणे, एक नंबर लागला की आकाश बघायचे, तीन लागला की बायकोचे ऐकायचे. आता हवामान खाते रंगांनी सांगते. पिवळा, नारिंगी, लाल. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा मोबाईलवर इतके इशारे आले की शेवटी आम्ही तो गादीखाली ठेवला. मग मात्र माड पडू लागले, आणि शेजारची म्हातारी दारात येऊन "मास्तरांनू, आतल्या खोलयेत बसा, भायल्या पडवेत नको" असे सांगून गेली. आम्ही बसलो. पडवीवर माड पडला. चार दिवस वीज नव्हती.

आमच्या वालावलीत निघणाऱ्या माणसाला सावधान कोणी म्हणत नाही. कर्लीच्या काठाने शेवाळलेल्या पायऱ्या उतरताना, पावसात होडीत चढताना, रात्री बागेतून कंदील घेऊन जाताना म्हणायचे ते 'जपान जा'. जपून जा, असे. बाहेरच्या पाहुण्यांना वाटते आपण त्यांना जपानला धाडतो आहोत. नातवाला तर हे इतके आवडले आहे की पुण्याला फोन ठेवतानासुद्धा तो मला 'जपान जा, आजोबा' म्हणतो. मी कुठे जाणार, पण बरे वाटते.

तर ते लग्न. मधले सांगायचे राहिले. वधूपिता, म्हणजे माझा तो मस्कतवाला विद्यार्थी, पत्रिका द्यायला स्वतः आला होता. पत्रिका ओट्यावर ठेवून, अक्षता देऊन म्हणाला, "मास्तर, तुम्ही पुढच्या खुर्चीत बसायचे." चहा झाला. मी त्याच्या घोट्याकडे बघणार नाही असे दरवेळी ठरवतो आणि दरवेळी बघतोच. पँटखाली काही दिसत नाही. त्यानेही तो विषय गेल्या शेहेचाळीस वर्षांत कधी काढलेला नाही.

लग्नात मी पुढच्या खुर्चीत बसलो. मंगलाष्टके चालली होती, तो अंतरपाटाच्या बाजूला मुलीच्या मागे उभा होता, सोवळे नेसून, अनवाणी. माईकवरून पहिले 'सावधान' आले आणि कावळे उडाले. सगळी माणसे वधूवरांकडे बघत होती, कॅमेरेवाला त्यांच्याकडे बघत होता. वधूपित्याने तेवढ्यात मान खाली घातली आणि आपल्या पायांच्या आजूबाजूची जमीन नीट पाहून घेतली. मग वर पाहिले तर मी त्याच्याकडेच बघत होतो. तो हसला.

प्रत्येक 'सावधान'ला त्याने तसेच केले. मीही करत होतो.